डोक्यावर ठेवलेले हात

बदनापूरजवळच्या आमच्या गावात ओढ्यापलीकडे ख्रिस्ती लोकांची घरं होती आणि मधोमध मातीच्या भिंतींचं देऊळ. चर्च हा शब्द आम्ही वापरत नसू. पाळकसाहेब महिन्यातून एकदा जालन्याहून यायचे. बाकीच्या रविवारी माझे वडील उपासना चालवायचे. ते गवंडी होते. मी तेव्हा नववीत होते.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी एका उमेदवाराने देवळाच्या छपरासाठी पत्रे दिले. आमच्यात रीत अशी की देणाऱ्याला पुढे बोलवायचं, गुडघे टेकायला लावायचे आणि वडीलधाऱ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागायचा. त्यालाही तसंच बसवलं. सहा-सात जणांनी हात ठेवले, पहिला माझ्या वडिलांचा. वडिलांनी त्याच्या बायकापोरांसाठी, गुराढोरांसाठी, शेतीसाठी प्रार्थना केली. मतांचा उल्लेखही नव्हता.

आमच्या लेखी तो आशीर्वाद होता. गावात मात्र माणूस डोक्यावर हात ठेवतो तो शपथ घेताना. शपथ खोटी निघाली तर ज्याच्या डोक्यावर हात, त्याचं वाईट होतं. ओढ्यापलीकडच्यांनी माझ्या डोक्याची आण घेऊन सगळी मतं मला द्यायचं कबूल केलंय, असं तो गावभर सांगत फिरला. हे कोणीतरी येऊन सांगितलं तेव्हा वडील हसले. पुढच्या रविवारी ते एवढंच बोलले, "मत ज्याचं त्यानं द्यावं. देवाला भिऊन द्यावं."

निवडणुकीत तो थोडक्या मतांनी पडला. आठवड्याभरात मोटारसायकलवरून घसरला आणि नेमकं डोकंच फुटलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही गीत म्हणत होतो. वरून धाडकन आवाज झाला आणि ऊन आत आलं. त्या उमेदवाराची माणसं भिंतीवर चढून पत्रे उचकटत होती. एक पत्रा बायकांच्या रांगेत पडला. त्याच्या कडेने आमच्या शेजारच्या म्हातारीचा खांदा मांसापर्यंत उघडा केला. पळणाऱ्यांना दारात काठ्या बसल्या. उमेदवार डोक्याला पट्टी बांधून आत आला.

"कोणाकोणाचा हात व्हता माझ्या डोक्यावर?"

"सगळ्यांचा," वडील म्हणाले. "पहिला माझा."

"खोटी आण घेतली मिस्त्री तुम्ही. मला मारायला निघालते."

"आण न्हाई, साहेब. दुवा व्हती ती."

दोघांनी वडिलांचा उजवा हात दाराच्या दगडी उंबऱ्यावर दाबून धरला. त्याने स्वतः लोखंडी गज घातला, दोनदा. पहिल्या घावाचा आवाज कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसा होता. दुसऱ्याचा ओला. आईने हात धरणाऱ्यांतल्या एकाच्या मनगटाला असा चावा घेतला की तो किंचाळत सुटला. तिने तोंडातलं रक्त त्याच्याच सदऱ्यावर थुंकलं.

जालन्याच्या दवाखान्यात हात बांधला. दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. वडील म्हणाले, "क्षमा करू. दुसरा गाल पुढे करावा, असं लिहिलंय."

"गाल तुमचा हाय," आई म्हणाली. "हात माझ्या घराचा."

ती ठाण्यात गेली. जमादार म्हणाला, "बाई, मिटवून घ्या. मोठा माणूस हाय." आई दुपारपर्यंत तिथून हलली नाही. तक्रार लिहून घ्यावीच लागली.

महिन्याने त्या उमेदवाराला पाडून निवडून आलेला नवा सरपंच आला, भर उपासनेत, दाराशी टेम्पो उभा करून. टेम्पोत नवे कोरे पत्रे.

"मिस्त्री, केस आता माझ्याकडं सोपवा. वकील माझा, साक्षीदार माझे. त्याला आत घालूनच थांबतो." एवढं बोलून तो आपणहून गुडघ्यावर बसला, टोपी काढली आणि मान खाली घातली. "ठेवा हात."

सगळी मंडळी आईकडे बघायला लागली. हात मोडणाऱ्याला आत घातलेलं तिलाच हवं होतं. वडिलांनी प्लॅस्टरचा हात पोटाशी धरला होता. तेही तिच्याकडेच बघत होते.

आई म्हणाली, "उठा दादा. मागं सतरंजीवर जागा हाय."

"आन् पत्रे?"

"टेम्पो चालूच हाय न्हवं?"

"बाई, माझ्याबिगर ही केस उभी राहायची न्हाई."

"मंग मी उभी राहते."

सरपंच टोपी झटकून निघून गेला. वडिलांनी डोळे मिटून राज्य चालवणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, जशी दर रविवारी असते. फक्त नाव कोणाचंच घेतलं नाही. मग ज्याने हात मोडला त्याच्यासाठी केली. त्यालाही सगळे आमेन म्हणाले. आई म्हणाली नाही.

केस काही वर्षं चालली. साक्षीदार फिरले आणि तो सुटला. सरपंच मध्ये असता तर बहुतेक शिक्षा लागली असती, हे आईलाही माहीत होतं. एकही तारीख तिने चुकवली नाही. देवळावर आम्ही पऱ्हाट्यांचं छप्पर घातलं, दर वर्षी नवं. वडील डाव्या हाताने थापी धरायला शिकले. त्यांचा गिलावा पुन्हा कधी सरळ आला नाही, पण गावात काम मिळत राहिलं.