टाकीला पाडलेली भोकं

अमेरिकेतल्या नोव्हायजवळच्या एका कारखान्यात ब्रेकचे सुटे भाग बनत. श्रीरंग लेले तिथे प्रोसेस इंजिनिअर होता. भागांवरचं तेल काढायला तिथे एक मोठी टाकी होती. तिच्यात ट्रायक्लोर नावाचं रसायन तापवत आणि त्याच्या वाफेत भाग लख्ख होऊन निघत. वास गोडसर. श्रीरंग वर्षानुवर्षं तिच्या काठाशी उभा राहिला.

ही वाफ घातक आहे, साबणाच्या गरम पाण्यानेही हे काम होईल, असं तो सांगत आला होता. पाण्याने भाग गंजतात म्हणून मॅनेजर ग्रेग टाळायचा. शेवटी श्रीरंगने भाग धुतल्या धुतल्या गरम हवेने सुकवायची सोय बसवली, गंज थांबला आणि कंपनी राजी झाली.

तोवर घरी भलतंच सुरू झालं होतं. एकदा फोडणी करपली आणि गॅसशेजारी उभ्या असलेल्या श्रीरंगला पत्ताच नव्हता. त्याला वासच येईनासा झाला होता. मग डाव्या हाताची बोटं थरथरायला लागली. डॉक्टरबाईंनी पार्किन्सन्स सांगितला. त्या वाफेशी संबंध असू शकतो, पण तुमच्या बाबतीत तो सिद्ध करता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

पाण्याचं मशीन सुरू झालं, तेव्हा त्याला कळलं की जुनी टाकी शेजारच्या इंडियाना राज्यातल्या एका छोट्या कारखान्याला विकली आहे. ती भंगारात द्या, म्हणून त्याने ग्रेगला विनवलं. यात बेकायदा काही नाही, ग्रेग म्हणाला.

"तिथेही माणसंच उभी राहणार आहेत," श्रीरंग म्हणाला.

ग्रेगने सौदा काही मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत श्रीरंगने डावा हात अंगाशी घट्ट धरला आणि उजव्या हाताने रिकाम्या टाकीच्या तळाला ड्रिलने भोकं पाडली, दुरुस्ती परवडू नये इतकी. मग स्वतःच जाऊन ग्रेगला सांगितलं. त्याच दुपारी नोकरी गेली, नोकरीबरोबर उपचारांचा खर्च देणारा इन्शुरन्सही.

"मला एकदा विचारायचं तरी," त्याची बायको दीपा म्हणाली.

"तू थांबवलं असतंस."

"हो. थांबवलंच असतं."

हिवाळ्यात जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. इंडियानावाल्यांनी ओहायोतून तशीच दुसरी टाकी आणून बसवली होती.

श्रीरंगने फोन ठेवला. फिजिओथेरपीला निघायची वेळ झाली होती. दीपा त्याच्या जॅकेटची बटणं लावायला लागली.