नलूताईची वाईट माणसं

नलूताईने आयुष्यात एकही नाटक समोरून पाहिलं नाही. आमच्या रायपूरच्या मराठी मंडळात गणपतीतलं नाटक वर्षानुवर्षं तीच बसवायची, पण प्रयोग सुरू झाला की ती विंगेत जाऊन उभी राहायची आणि तिथल्या पडद्याला स्वतःच कात्रीने पाडलेल्या भोकाला डोळा लावायची. पाहायची ती प्रेक्षकांकडे. एका हातात संहिता, ओठांवर नटाचं पुढचं वाक्य आणि डोळा भोकाला. पडदा मंडळाचा, गोल बाजारातून चांगली घासाघीस करून आणलेला. अध्यक्ष दरवर्षी ते भोक शिवून घ्यायचे आणि ही बाई दरवर्षी ते पुन्हा पाडायची.

तिच्याशी माझी खरी ओळख झाली ती माझ्या पहिल्या नाटकाच्या दिवशी. मी एका सत्यवचनी राजपुत्राचं काम केलं होतं. टाळ्या मिळाल्या होत्या, आईने दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली होती. मी ऐटीत तोंडाचा रंग पुसत बसलो होतो, तेवढ्यात ताई आली आणि म्हणाली, "अव्या, तू बोलत होता तेव्हा लोकं पंखे हलवून राहिले होते."

मंडळ प्रेक्षकांना पुठ्ठ्याचे पंखे वाटायचं. मी म्हटलं, "ताई, भादव्यातली गरमी आहे. हलवतीलच ना!"

"मग त्या लबाड दिवाणाच्या वेळेले काहून थांबले? तेव्हा का थंडी पडली होती?"

असा राग आला म्हणून सांगू! त्या दिवाणाचं काम करणारा तीन ठिकाणी वाक्य विसरला होता. पण घरी जाऊन आईला सहज विचारलं, तर तीही म्हणाली, "तो दिवाण मेला मस्त होता हं. पकडल्या गेला तं मले वाईटच वाटलं." सख्खी आई! त्या रात्री मी जेवलो नाही.

नलूताई एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होती. लग्न केलं नाही. मंडळाच्या मागच्याच गल्लीत आई आणि धाकटा भाऊ मधू यांच्यासोबत राहायची. बुटकी, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला, आवाज मात्र असा की माईकची गरज नाही. सगळं मंडळ तिला नलूताईच म्हणायचं, माझी आईही आणि मीही. आता तिला जाऊन चार वर्षं झाली. मंडळात अजून नाटकं होतात, बरी होतात, पण आमच्याकडून काम करून घेणारी तशी बाई मी पुन्हा पाहिली नाही आणि हे मी कोणासमोरही छातीठोकपणे सांगेन.

तिची तालमीची एक पद्धत होती. वाईट माणसाचं काम करणाऱ्याला ती आधी वाक्यं पाठ करू द्यायचीच नाही. समोर बसवायची आणि विचारायची, "सकाळपासून काय काय केलं ते सांग." म्हणजे नटाने नव्हे, त्या पात्राने. खून करणारा असो, भावाची जमीन लाटणारा असो, आधी त्याने सांगायचं की उठला किती वाजता, दूध आणायला कोण गेलं, चहात साखर होती की संपली होती. नवी पोरं हसायची, हिंदीत म्हणायची, "दीदी, ये सब तो नाटक में है ही नहीं." ताई म्हणायची, "नसू दे. पण चांगल्या माणसाले लोकं नमस्कार करतात अन् निघून जातात. वाईट माणसाच्या घरात मात्र ते घुसून बसतात. एकदा घरात बसले, त्याचा चहा पेले, की मग त्याच्याशी भांडणं जमत नाही. आपण गल्लीतल्या माणसाचं फक्त केलेलं पाहतो. नाटकातल्या माणसाचं करायच्या आधीचं पाहतो."

हे सगळं ऐकायला छान वाटायचं. मग ते आमच्याच घरात शिरलं.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, फटाके फुटले, आणि सरकारी नोकरांची वाटणी सुरू झाली. कोण इकडे राहणार, कोण तिकडे भोपाळला जाणार? प्रत्येकाने विकल्पाचा फॉर्म भरून द्यायचा होता. माझे बाबा आणि ताईचा भाऊ मधूकाका एकाच कार्यालयात, एकाच पदावर, आणि त्या पदाची रायपुरात जागा उरली होती एकच. बाबा सीनियर, त्यांनी रायपूर मागितलं होतं, त्यामुळे जागा त्यांचीच होती. पण फॉर्म गोळा करून पुढे पाठवायचं काम मधूकाकाकडे होतं. त्याने बाबांचा फॉर्म आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. तारीख उलटून गेली. फॉर्म नाही म्हणून बाबांना भोपाळ मिळालं.

तीन वर्षं बाबा तिकडे एका खोलीत राहिले. हाताने खिचडी शिजवली, डोळ्यांना चष्मा लागला, माझ्या बहिणीचं लग्न ठरवायला चार दिवसांच्या सुट्टीवर आले आणि पाहुण्यासारखे बसून राहिले. ते बदली करून परत आले त्याच वर्षी कार्यालयातली जुनी टेबलं काढली, तेव्हा मधूकाकाच्या ड्रॉवरच्या मागे अडकलेला तो फॉर्म निघाला. बाबा त्याच्या दारात जाऊन जे बोलले ते सगळ्या पाऱ्याने, म्हणजे मोहल्ल्याने, ऐकलं. मधूकाकाने एक शब्द काढला नाही. त्या दिवसापासून मंडळातल्या कोणी त्याच्याशी बोललं नाही आणि तोही मंडळात आला नाही. बाबांनी मला एवढंच सांगितलं, "नाटक करायचं तं कर. तिच्या घरचं पाणी पिऊ नको."

त्याला सात वर्षं झाली. मी तिशी ओलांडली, समता कॉलनीत चष्म्याचं दुकान टाकलं. एक दिवस नलूताई दुकानात आली, काउंटरवर एक वही ठेवली आणि म्हणाली, "मी लिहिलं. मुख्य काम तुझं."

मी वाचलं. एक कारकून, एक जागा, एक फॉर्म. नावं बदलली होती, बाकी काही नाही. माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाईक बसलेलं असताना मी ती वही जमिनीवर फेकली. "ताई, लाज नाही वाटत? माझ्या बापाला देशोधडीला लावणाऱ्याचं काम मी करू? दुसरा कोणी नाही मिळाला? काहून मीच?"

तिने वाकून वही उचलली, पदराने पुसली, पुन्हा काउंटरवर ठेवली. "दुसऱ्या कोणी केलं तं तुझे बाबा उठून जातील. तू केलं तं बसतील."

"पण कशाला करायचं? माफी पाहिजे का त्याला?"

"मध्याने केलं ते वाईटच केलं. मी कधी चांगलं म्हटलं का? म्हटलं असंन तं सांग." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मले एवढंच पाहिजे, अवि, की तो आरतीले यावा. मंडळातला आवाज घरात येते नं. तो आतल्या खोलीत एकटा उभा राहून टाळ्या वाजवते. सात वर्षं झाले, मी पाहून राहिली."

मी हो म्हणालो नाही. पण वही परतही दिली नाही.

मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी नाटक वाचून घेतलं आणि म्हणाले, "शेवटी याले शिक्षा झाली पाहिजे. पोलीस आणा, नाही तं नोकरी घालवा. पोट्ट्यांवर काय संस्कार होतील?" ताई म्हणाली, "शिक्षा आहे नं. तो रायपुरातच राहते." अध्यक्षांना ते पटलं की कळलंच नाही, देव जाणे, पण परवानगी मिळाली.

तालमीत मी मधूकाका साकारला तो अगदी राक्षस. डोळे वटारून, दात खाऊन. ताईने पहिल्याच दिवशी थांबवलं. "सकाळपासून काय केलं?"

"फॉर्म लपवला."

"ते दुपारी. सकाळी?"

मग तिनेच सांगितलं, तालमीला आलेल्या सगळ्यांसमोर, पाढे म्हणावे तशा सपाट आवाजात. सकाळी साडेचारला उठला. आई दोन वर्षं अंथरुणावर होती, तिला कूस बदलून दिली. चादर ओली होती, ती धुतली. बहिणीला उचलवत नव्हतं, म्हणून आईला उचलून मोरीत नेणं त्याचंच काम. वेणीही त्यानेच घातली, वाकडी. निघताना आई म्हणाली, संध्याकाळी येशील नं रे? मग तो कार्यालयात गेला. "अन् ती आई वर्षभरात गेलीच," ताई म्हणाली. "फुकट गेलं सगळं. तुझ्या बाबांचेही तीन वर्षं अन् याचेही. चला, पहिला प्रवेश."

मी दात खाणं सोडलं. सोडायची इच्छा नव्हती हो! पण त्या वाकड्या वेणीपुढे माझा नाइलाज झाला.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. हॉल भरलेला, जवळच्या बीरगांवहून कारखान्यातले आमचे, पण आता हिंदीच बोलणारे लोकही आलेले. बाबा तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. त्यांना कथानक ठाऊक होतं, मीच सांगितलं होतं. त्यांनी फक्त इस्त्रीचा सदरा काढून ठेवायला लावला होता आईला.

तो प्रवेश आला. रंगमंचावर मी एकटा. टेबलावर दोन फॉर्म. मी सहकाऱ्याचा फॉर्म उचलतो, परत ठेवतो, पुन्हा उचलतो. ड्रॉवर उघडतो. आत टाकतो. तेवढ्यात बाहेरून शिपायाच्या चपलांचा आवाज येतो, आणि ड्रॉवर अडकतो. ते नाटकात नव्हतं. खरोखरच अडकला, मंडळाचं टेबल ते! मी ओढतोय, ढकलतोय, कपाळावर खराखुरा घाम. हॉलमध्ये एक पंखा हलत नव्हता. आणि त्या शांततेत एक बाई ओरडली, "अरे पोट्ट्या, लवकर बंद कर नं! तो येऊन राहिला!"

माझी आई होती ती. तीन वर्षं नवऱ्याविना घर ओढलेली माझी आई, ज्याने तिचा नवरा भोपाळला धाडला त्याचा ड्रॉवर लवकर बंद व्हावा म्हणून ओरडली.

कोणी हसलं नाही. ड्रॉवर बसला. विंगेतून ताईचं पुढचं वाक्य यायला हवं होतं, ते आलं नाही. मी तिकडे पाहिलं तर ती पदर तोंडात कोंबून उभी होती. मग तिने वाक्य दिलं.

नाटक संपल्यावर बीरगांवचा एक जण तिला म्हणाला, "दीदी, बंदा गलत है, पर आज उसको गलत बोलते नहीं बना." ताईने मान हलवली. मी विचारलं, "आई माझ्यासाठी ओरडली की त्याच्यासाठी?" ती म्हणाली, "तिले तरी कुठं माहीत! त्याच्यात आपलं पोट्टं दिसलं नं तिले. म्हणून तं तुले घेतलं." मला क्षणभर वाटलं की ही बाई फार पोहोचलेली आहे, आपल्याला चांगलंच वापरलं. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी अभिमानही वाटला.

बाबा मला भेटायला आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीचा मान आमच्या घराचा होता. मंडळात रोज एका कुटुंबाचा असतो. बाबांच्या हातात ताट, त्यात तुपाचं निरांजन. आरती अर्ध्यावर आली आणि दारातून नलूताई आत आली, दंडाला धरून मधूकाकाला घेऊन. तो वाळून गेला होता, केस पांढरे, सदरा मात्र धुतलेला. गाणाऱ्यांचे आवाज एकेक करत खाली आले. काल ज्यांनी त्याच्यासाठी श्वास रोखला होता तेच लोक बाजूला सरकले, त्याला जागा द्यायला नव्हे, त्याच्यापासून लांब व्हायला. अध्यक्ष गणपतीच्या मखराचं डेकोरेशन पाहू लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल कोणासाठी थांबले होते तुमचे पंखे? ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही, कारण ताईने मला नजरेने गप्प केलं.

आरती संपली. बाबा ताट घेऊन फिरू लागले. एकेक जण निरांजनावर हात धरून डोळ्यांना लावत होता. मधूकाकापाशी बाबा थांबले. त्याने हात पुढे केला नाही, मान खाली घालून उभा राहिला.

"माफ-बिफ काही केलं नाही मी तुले," बाबा म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं. "माय तशी पडून होती तं मले सांगायचं होतं. मी तुले जागा दिली असती का नसती, मले माहीत नाही. पण सांगायचं होतं."

"हव, दिगूभाऊ," मधूकाका म्हणाला. सात वर्षांत त्याचा हा पहिला शब्द मी ऐकला.

बाबांनी ताट त्याच्या हातात दिलं. "धर. माझे हात दुखून राहिले. बाकीच्यांना तू दे."

बाबांचे हात कधी दुखत नसत. आणि आरतीला नको कोण म्हणणार? मधूकाका ताट घेऊन निघाला तसे लोकांना हात पुढे करावेच लागले. आधी अध्यक्षांनी केले, मग बायकांनी, मग माझ्या आईने, तिने तर दोनदा घेतली. तो एकेकापुढे थांबत होता, कोणाकडे वर पाहत नव्हता, आणि ताट त्याच्या हातात एका बाजूला कलत होतं.

शेवटी तो नलूताईपुढे आला. तिचे डोळे वाहत होते, तिने ते पुसलेही नाहीत. निरांजनावर हात धरला, डोळ्यांना लावला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा तिच्या त्या आवाजात म्हणाली, "ताट सरळ धर, मध्या. तूप सांडून राहिलं."