‘ग्राहकाला विचारले : हो’

ही गोष्ट सांगायचं मी पाच वर्षं टाळलं. मार्टमधली नोकरी अशी अचानक का सोडली, असं घरात कुणी विचारलं की मी गुडघ्यांचं कारण पुढे करायचो. गुडघे दुखत होते हे खरं. पण नोकरी त्यांच्यामुळे सोडली नाही.

त्या दिवशी दुपारचे बारा वाजून गेले होते. पॅकिंगच्या टेबलापाशी सुमनबाई उभ्या होत्या. एका हातात ऑर्डरचा मोबाइल, दुसरा हात रिकामा.

“सर, साधं मीठ संपलंय. रॅकला न्हाई, गोडाऊनलाबी न्हाई.”

“मग सब टाका.”

“ह्या ऑर्डरला नोट हाय. ‘विचारल्याशिवाय काहीही बदलू नये’ म्हणून.”

“सगळेच लिहितात ते.”

“सगळे न्हाई लिहीत, सर. हेच लिहितेत. दर वेळी.”

‘सब’ म्हणजे सब्स्टिट्यूशन. गिऱ्हाईकानं मागितलेली वस्तू दुकानात नसेल, तर तिच्या जवळची दुसरी वस्तू पाठवायची. अंबाजोगाईत बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला आमचं मार्ट होतं. लोक अ‍ॅपवर ऑर्डर टाकायचे. सुमनबाई आणि आणखी तिघी जणी रॅकमधून सामान काढून पिशव्या भरायच्या. त्याला पिकिंग म्हणतात. सबला मंजुरी द्यायचं काम माझं. मी फ्लोअर मॅनेजर होतो.

त्याआधी एकतीस वर्षं मी एका ग्राहक भांडारात स्टोअरकीपर होतो. तिथंही आम्ही बदली माल द्यायचो. एक चहापत्ती नसली तर दुसरी पुढे ठेवायची. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ नये, हे माझ्या अंगात मुरलेलं. पण तिथं गिऱ्हाईक समोर उभं असायचं. पाकीट हातात घ्यायचं, वास घ्यायचं आणि बिनदिक्कत ‘नको’ म्हणायचं. अ‍ॅपमध्ये ते ‘नको’ माझ्या अंगठ्याखाली गेलं. हे मला फार उशिरा कळलं.

अ‍ॅप करून देणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं आम्हाला एक शब्द शिकवला होता, फिल रेट. मागितलेल्या वस्तूंपैकी किती वस्तू पोचल्या, त्याचं प्रमाण. एखादी वस्तू वगळली की ते खाली यायचं. बदली टाकली की येत नव्हतं. फिल रेटच्या लेखी करडईचं तेल आणि सोयाबीनचं तेल एकच. मार्टचे मालक अमोल रोज सकाळी तो आकडा बघून मगच चहा घ्यायचे. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. मला काका म्हणायचे.

“काका, वगळू नका काही. काहीतरी टाकाच. लोक ठेवून घेतात.”

लोक ठेवून घ्यायचे, पण शिव्या घालत. चतुर्थीला भगर मागवणाऱ्या बाईंना आम्ही लापशीचा रवा पाठवला. कोथिंबिरीऐवजी पुदिना तर रोजचाच. धारूरकडचे एक गृहस्थ करडईच्या तेलाऐवजी गेलेला सोयाबीनचा डबा काउंटरवर आपटून म्हणाले, “तुमच्याकडं सोयरीक करायची सोय न्हाई बगा. पोरगी दाखवताल आन् मांडवात मावशी उभी करताल.” आम्ही सगळे हसलो. तेही हसले आणि डबा घेऊन गेले. बदली घेतली म्हणजे चालली, असा अर्थ आम्ही काढला.

सब टाकताना मोबाइलवर एक प्रश्न यायचा. ‘ग्राहकाला विचारले का?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही. ‘नाही’ दाबलं की वस्तू वगळली जायची. म्हणून आम्ही ‘हो’ दाबायचो. कंपनीला वाटायचं, आम्ही फोन करतो.

त्या दिवसाची ऑर्डर जोगदंड सरांच्या घरची होती. सर गणित शिकवायचे. निवृत्त झाले आणि पुढे किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे. त्यांच्या पत्नी, जोगदंड बाई, त्यांना सोडून बाहेर पडू शकत नव्हत्या, म्हणून पुण्याच्या मुलानं त्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं होतं. ती नोटही त्यानंच लिहिलेली. सरांना मी ओळखत होतो. भांडारात यायचे, यादी नेहमी पाठ असायची.

मी रॅकवरून कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट काढून सुमनबाईंपुढे ठेवलं.

“हे टाका. सरांना बीपी आहे. त्यांना हेच बरं.”

त्यांनी पाकीट उलटं केलं. “मागं काहीतरी लिहिलंय, सर. चौकोन करून. इंग्रजीत हाय, मला येत न्हाई. बाईंना एक फोन लावू का?”

“बाई, पाच ऑर्डरी पडल्यात तुमच्यापुढे. मिठासाठी फोन करणार?”

“चौकोन करून लिहिलंय म्हणून म्हनलं.”

माझा चष्मा शर्टाच्या खिशात होता. मी तो काढला नाही. त्यांच्या हातातला मोबाइल घेतला आणि ‘हो’ दाबलं. मोबाइल सकाळीच त्यांच्या नावानं उघडलेला होता. त्यामुळे अ‍ॅपमध्ये नोंद झाली ती अशी : बदल करणारी व्यक्ती, सुमन. ग्राहकाला विचारले, हो.

कमी सोडियमचं मीठ म्हणजे काय, ते इथं सांगतो. साध्या मिठातलं थोडं सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घालतात. धडधाकट माणसाची किडनी जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. ज्याची किडनी चालत नाही, त्याच्या रक्तात ते साठत जातं. फार साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात. किडनीच्या रोग्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वापरू नये, एवढंच त्या चौकोनात लिहिलेलं होतं. मी दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेलो आहे. मला ते वाचता आलं असतं.

इथवर चूक घाईची होती असं मी स्वतःला सांगू शकलो असतो. पण तासाभरानं काउंटरवरचा फोन वाजला. तो मीच उचलला.

“मी जोगदंड बोलते. आमच्या सामानात दुसरंच मीठ आलंय. चालेल ना ते?”

“ताई, चालेल म्हणजे काय, उलट चांगलं आहे. बीपीवाले हेच वापरतात.”

“ह्यांना डॉक्टरांनी मीठ कमीच सांगितलंय हो. अळणी जेवण घशाखाली उतरत नाही त्यांच्या. रोज ताटावर भांडण.”

“मग हे बिनधास्त घाला. चिमूटभर जास्त पडलं तरी काही होत नाही.”

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. आवाजात सुटका होती. मलाही बरं वाटलं. एका गिऱ्हाइकाची अडचण सोडवली, असं मनात आलं. टेबलापाशी सुमनबाई पिशवीला गाठ मारत होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

दोन आठवड्यांनी सरांचा मुलगा मार्टमध्ये आला. डोकं भादरलेलं. हातात तेच पाकीट, तोंड कात्रीनं कापलेलं, अर्ध्याहून जास्त रिकामं.

सरांच्या हातापायांतली ताकद गेली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातलं पोटॅशियम फार वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल केला का? बाईंनी घरी माणूस पाठवून हे पाकीट आणवलं. तिसऱ्या दिवशी सर गेले. त्याच आठवड्यात ताप आल्यामुळे त्यांचं एक डायलिसिसही चुकलं होतं. कशानं किती झालं, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. मुलानंच हे आम्हाला सांगितलं. तो आरडाओरडा करत नव्हता. तसं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“नोट लिहिली होती मी,” तो म्हणाला. “मला फक्त एवढं सांगा, हे कुणी बदललं?”

अमोलनी अ‍ॅप उघडलं, नोंद वाचली आणि सुमनबाईंना हाक मारली.

“तुम्ही विचारलं होतं का यांच्या आईंना?”

“न्हाई.”

“मग ‘हो’ का दाबलं?”

सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं. “मी न्हाई दाबलं. माझ्या हातातून मोबाइल घेऊन ह्या सरांनी दाबलं. इचारा त्यांना.”

सगळे माझ्याकडे वळले. दिवसाला शंभर वेळा ते बटण मी दाबत होतो. त्यातलं एखादं आठवणार नाही, हे कुणालाही पटलं असतं. त्याचा मी फायदा घेतला.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

मुलानं दुसरा प्रश्न विचारला. “आईनं इथं फोनही केला होता. कुणीतरी माणूस म्हणाला, बिनधास्त घाला. तो कोण?”

काउंटरवरचा फोन तीन-चार जण उचलायचे. माझं नाव एकदा घेऊन खोट्या पडलेल्या सुमनबाईंनी ते पुन्हा घेतलं नाही. पुढचा अर्धा तास मी त्या पोराशी मानेनंच बोललो. उगाच वाटत होतं, त्यानं माझा आवाज घरी नेऊन आईला ऐकवला तर?

सुमनबाई मूळच्या आष्टी तालुक्यातल्या. नवरा वारल्यावर दरवर्षी ऊसतोडीला जायच्या. गुडघाभर पाल्यात उभं राहणं सुटलं ते या मार्टमुळे. इथं चार वर्षांत त्यांच्या पिशवीतून एकही चुकीची वस्तू गेली नव्हती. हळू काम करतात म्हणून मीच त्यांना बोलायचो. हळू यासाठी, की त्या प्रत्येक पाकीट उलटं करून तारीख बघायच्या. अमोलनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी अ‍ॅप्रन काढला, घडी केली, टेबलावर ठेवला.

जाताना माझ्यापाशी थांबल्या. “आठवंल,” म्हणाल्या. तेवढंच.

मुलानं तक्रार केली नाही. वडील परत येणार नाहीत, म्हणाला. मी तेराव्याला गेलो नाही. ओळखीचे सगळे गेले. महिन्याभरानं मी गुडघ्यांचं सांगून नोकरी सोडली. निरोपाला मला शाल आणि श्रीफळ दिलं. इतक्या वर्षांच्या सेवेत एकही डाग नाही, असं अमोल बोलले. मी शाल घेतली.

मार्टमध्ये पुढे सुधारणा झाली. आता बदली टाकली की गिऱ्हाइकाच्या फोनवर नंबर जातो. तो नंबर त्यानं सांगितल्याशिवाय ‘हो’ दाबलंच जात नाही. मीठ, बाळाचं दूध आणि उपवासाचे पदार्थ यांना बदली अजिबात नाही. चांगला नियम आहे. सुमनबाई हाच नियम मला त्या दुपारी तोंडी सांगत होत्या.

मागच्या महिन्यात मी जोगदंड बाईंच्या घरी गेलो. आता माझंही वय सत्तरीपार गेलं आहे. हे असंच सोबत न्यायचं नव्हतं. त्या एकट्याच राहतात. मी दारातच सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यांतच त्यांनी हात वर करून थांबवलं.

“आवाज तुमचाच होता,” त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

“पाच वर्षं मला वाटतंय, मीच घातलं. आवडीनं जेवायला लागले होते हो ते. मी आणखी चिमूटभर घालायची.” मला बसा म्हणाल्या नाहीत. शेवटी विचारलं, “आणि त्या बाई? ज्यांना काढलं?”

“त्यांनी काही केलं नव्हतं. तुम्हाला फोन करू का, असं त्या मला विचारत होत्या.”

“त्यांना सांगितलंत हे?”

“नाही.”

“मग माझ्याकडं आधी कशाला आलात?” असं म्हणून त्यांनी दार लावलं.

अमोलना फोन केला. ते म्हणाले, “काका, जाऊ द्या ना आता.” जुनी नोंद दुरुस्त करता येते का, असं विचारलं. येत नाही, म्हणाले. तेव्हा ती इथं दुरुस्त करतो. त्या ऑर्डरवर ‘हो’ मी दाबलं होतं. ग्राहकाला विचारलं नव्हतं. सुमनबाईंनी दोनदा अडवलं होतं. आणि मला सगळं आठवत होतं.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांसाठी सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. पाकीट उलटं करून वाचा. चष्मा असेल तर लावा. ‘विचारले’ असं नोंदवायच्या आधी विचारा.

सुमनबाईंचा पत्ता शोधावा लागला नाही. त्या मंडी बाजारात पालेभाज्या घेऊन बसतात. गेल्या मंगळवारी गेलो. तीन वाक्यं पाठ करून ठेवली होती. गोणपाटावर जुड्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक जुडी उलटीपालटी करून त्या पिवळी पानं काढत होत्या. मला बघून हात क्षणभर थांबले, पुन्हा चालू झाले.

“मेथी आहे का?” मी विचारलं. सुरुवात कुठून तरी करायची होती.

“संपली.”

मी तसाच उभा. माझ्या मागे एक बाई पिशवी उघडून वाट बघत होती.

“शेपू हाय, चुका हाय,” सुमनबाई म्हणाल्या. “पण तुमी मेथी मागितली. मी आपल्या मनानं दुसरं देत न्हाई. काय पाहिजे ते तोंडानं सांगा.”

त्या माझ्याकडे बघत होत्या. घाई करत नव्हत्या. तोंडात पाठ केलेली तिन्ही वाक्यं होती.

“शेपूची एक जुडी द्या,” मी म्हणालो.