अप्पा मिस्त्रींचा कान

अप्पा मिस्त्री मोटार दातांनी ऐकत असत. त्यांच्याकडे बाभळीची एक हातभर काठी होती, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिचं एक टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग आणि तोंडात ती काठी, असं त्यांचं ध्यान पाहून नवखा माणूस हसायचा. मीही पहिल्या दिवशी हसलो. अप्पांनी काठी तोंडातून काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्यापुढे धरली. "हसायला काय जातंय, तम्मा. धरून बघ की." मी ती दातांत धरली आणि दचकलो. आवाज कानातून न येता माझ्या डोक्यातच उगवत होता. चार सिलिंडर चार माणसांसारखे, आपापल्या चालीनं, माझ्या कवटीतून चालत होते.

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. अप्पा लोहाऱ्याकडचे लिंगायत. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि कचेरीतल्या लोकांशी अदबीची उर्दू बोलत. माझ्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी मोठे असून ते मला तम्मा म्हणत, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटत नसे. आता वाटतं.

निझामाचं राज्य होतं आणि बाहेर कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आम्हाला ती कळे पेट्रोलवरून, कारण पेट्रोल कुपनावर मिळे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. एका मालकाची उतारू नेणारी जुनी सर्व्हिस मोटार धाराशिवहून येरमाळ्याला नेत आणि परत आणत असे. त्याच मालकाच्या तिन्ही गाड्या अप्पा सांभाळत. गावाबाहेर चिंचेखाली पत्र्याचं छप्पर, तेच त्यांचं दुकान. दुपारी ते छपरात आडवे पडलेले असत आणि डोळे न उघडता सांगत, "तेरची गाडी आली. दोन नंबरचा प्लग काळा पडलाय तिचा." तेर गावाहून येणारी ती गाडी अजून दूर माळावर असे, धुळीच्या एका ठिपक्याएवढी. मला नुसत्या उन्हाच्या झळा दिसत आणि चिंचेत पाखरं ऐकू येत. मग बऱ्याच वेळानं ती गाडी येऊन थांबे आणि दोन नंबरचा प्लग काळा निघे. त्या दुपारी आठवू लागलो की मी अजूनही तिथंच कुठंतरी बसून राहतो. चिंचेचा बारीक पाला अंगावर पडतोय, गरम तेलाचा वास येतोय, आणि कुठली तरी गाडी यायची आहे.

हत्याराला हात लावण्याआधी अप्पा माणसाला बसवत. पेट्रोलचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर ड्रायव्हर, आणि समोर उकिडवे अप्पा. गाडी बॅक मारते, म्हणजे मधेच बंदुकीसारखा बार काढते, अशी तक्रार असली की प्रश्न ठरलेले. "बार म्होरनं का मागनं? थंड असताना का तापल्यावर? चढाला का उताराला?" पुढून, कार्बुरेटरच्या तोंडातून बार आला तर बहुधा इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. मागून, सायलेन्सरमधून आला तर न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटतंय. हे मला त्यांनीच शिकवलं. "मशीनला नाडी असती, पर तोंड नसतं," ते म्हणत. "तिचं तोंड म्हंजी डायवर. डायवर नीट बोलला की निम्मं काम झालं."

एकदा एका जहागीरदाराची गाडी आली. चढाला लागली की पुढून फटाफट बार. अप्पांनी इंजिन चालू करायला लावलं आणि कार्बुरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरला. धापा टाकणारं इंजिन एकदम सुरळीत झालं. "उपाशी हाय बिचारी. नुस्ती हवा गिळायलीया." पेट्रोल बारीक धारेनं सोडणारं जेट खोललं तर त्याच्या भोकात गोणपाटाचा एक तंतू निघाला. कुणीतरी पेट्रोल गोणपाटातून गाळलं होतं. तो काढायला मी तार पुढं केली तर माझ्या हातावर चापट बसली, कारण तारेनं भोक मोठं होतं. त्या कामासाठी अप्पांच्या पटक्यात घोड्याच्या शेपटीचा केस खोचलेला असे. तो ज्याच्या घोड्याचा, तो टांगेवाला म्हणे, "अप्पा, माझं घोडं बोडकं करून सोडताल तुम्ही एक दिवस."

"तुझं घोडं बॅक मारायला लागलं की फुकट बघतो," अप्पा म्हणत.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. आजवर मी ते एकदाच सांगितलं आहे.

येरमाळ्याच्या अलीकडे एक लांब उतार आहे. मी तिथं इंजिनाचा स्विच बंद करत असे. गिअर काढून गाडी मोकळी सोडून द्यायची. पेट्रोल वाचे आणि मालक चार लोकांत माझं कौतुक करी. स्वतःला मी हेच कारण सांगत असे. खरं म्हणजे मला ती शांतता आवडे. इतका वेळ धडधडणारी मोटार एकदम गप होई आणि पंचवीस माणसांना घेऊन आपोआप उतरू लागे. रानातल्या शेळ्यांच्या घंटा ऐकू येत. बोलणारी माणसं बोलता बोलता थांबत, आईच्या मांडीवरचं पोर झोपून जाई. समोरचा येडेश्वरीचा डोंगर सावकाश बाजू बदले. मला वाटे, गाडी मी चालवतच नाही; कुणीतरी आम्हा सगळ्यांना अलगद खाली नेऊन ठेवतंय.

खाली पोचता पोचता गाडी गिअरमध्ये टाकायची, म्हणजे चाकांच्या जोरावर इंजिन फिरू लागे, आणि मग स्विच लावायचा. स्विच लावायला उशीर झाला तर तेवढ्या वेळात इंजिन कच्चं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये ढकलत राही. ठिणगी सुरू झाली की ते पेटे आणि सगळा माळ हादरावा असा बार होई. अप्पांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "उतारावर स्विचला हात लावायचा न्हाई." का, तेही समजावून सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं. पण त्या शांततेत मी असा हरवून जाई की दोन-चार खेपांनी एकदा तरी स्विच लावायला उशीर होई.

शेवटी उतारूंनी मालकाकडे तक्रार केली, मालकानं गाडी अप्पांकडे लावली आणि अप्पांनी मला डब्यावर बसवलं.

"म्होरनं का मागनं?"

"मागनं, अप्पा."

"कुठं?"

"येरमाळ्याच्या उताराखाली."

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "तम्मा, स्विच बंद करतूस का?"

"न्हाई, अप्पा."

"यखांद्या बारीला?"

"यखांद्या बारीला बी न्हाई."

त्यांनी मान हलवली. तीन-चार प्रश्नांत ते नेमक्या जागी येऊन उभे राहिले होते, आणि मी त्यांना तिथून परत फिरवलं. का खोटं बोललो? ते रागावतील म्हणून नव्हे. ते कधी रागावतच नसत. त्यांच्या नजरेत मी चांगला ड्रायव्हर होतो, आणि मला तसंच राहायचं होतं. एवढंच.

मग अप्पा शोधू लागले. त्यांनी व्हॉल्व काढून घासून बसवले. पॉइंट बदलले, टायमिंग पुन्हा लावलं. सायलेन्सरचा सांधा आवळला. कार्बुरेटर तीनदा खोललं. दर वेळी काठी दातांत धरून ते डोळे मिटत आणि दर वेळी उघडताना त्यांच्या तोंडावर गोंधळ असे. "निर्मळ चालतीया की रं," ते म्हणत. "मला तर कायबी सापडंना." आणि दोन दिवसांनी उताराखाली पुन्हा बार होई.

एक दिवस ते स्वतः माझ्या शेजारी येऊन बसले. काठीचं टोक पायाखालच्या फळीवर टेकवून त्यांनी डोळे मिटले. उतार आला. मी स्विचला हात लावला नाही. इंजिन गुरगुरत उतरू लागलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "आज लई बोलायलीया गं बाई ही गाडी. रोज हितं कशी गप होती, माझा डोळाच लागतो."

मी अप्पांकडे पाहिलं. ते काठी दातांत धरून इंजिनात बुडाले होते. म्हातारीचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. उतारावर गाडी गप होते हे रोजच्या प्रत्येक उतारूला ठाऊक होतं. त्याचा बाराशी संबंध आहे हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत असलेली माणसं दोनच, आणि ती दोघं शेजारी शेजारी बसली होती.

पुढं एका बाजाराच्या दिवशी उताराखाली इतका मोठा बार झाला की सायलेन्सर उकलला. रस्त्याकडेच्या गाडीचे बैल उधळले, गाडी उलटली आणि गाडीवानाचा हात मोडला. तो ओरडला ते मी अजून विसरलो नाही. त्या दिवसापासून मी उतारावर स्विच कधीही बंद केला नाही. पण त्याच आठवड्यात मालकानं सोलापूरहून दुसरा मिस्त्री आणला. त्यानं नवा सायलेन्सर घातला, कार्बुरेटर खोलून साफ केलं आणि सांगितलं की आतलं पेट्रोल बेतानं ठेवणारा फ्लोट अडकत होता. त्यानंतर अर्थातच बार झाला नाही. मालकानं शाल-नारळ देऊन त्याचा मान केला.

अप्पा त्याच्याजवळ गेले. "फ्लोट म्या तीनदा बघिटला हुता, बाबा."

"बघितला असंल, मामा," तो सहज म्हणाला. "पण आता वयानं तुमचा कान लागत नसंल."

त्या दिवशी उन्हं उतरताना अप्पांनी माझ्या गाडीचं इंजिन चालू करायला लावलं आणि बराच वेळ ऐकलं. मग मला म्हणाले, "आता ही निर्मळ ऐकू येतीया. आन् बिघडलेली हुती तवा बी मला अशीच निर्मळ ऐकू येत हुती. म्हंजी मला फरक कळंना झालाय, तम्मा." ते कुणाला दोष देत नव्हते. एखादा हिशेब सुटावा तसं शांतपणे बोलत होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी फडकं घेऊन काच पुसत राहिलो, आणि ती आधीच स्वच्छ होती.

आठ दिवसांत अप्पा माकणीला लेकीकडे राहायला गेले. मालकानं थांबवलं नाही. निघताना त्यांनी मला बजावलं, पेट्रोल फडक्यातून गाळून घेत जा.

मला तिथवर जायला दोन वर्षं लागली. कुणीतरी सांगितलं की अप्पा आता कुठल्याच मशीनला हात लावत नाहीत, तेव्हा मात्र राहवलं नाही. लोहाऱ्याहून चालत गेलो. अप्पा ओट्यावर बसले होते, वाळलेले पण ताठ. समोरच्या बोळात पिठाची चक्की होती आणि तिचं तेलावरचं इंजिन मधूनमधून ठोका चुकत होतं. त्यांची लेक गंगव्वा मला म्हणाली, "चक्कीवाला धा येळा बोलवून गेला. जात न्हाईत. म्हणत्यात, माझ्या कानावर इसवास ठिवू नगा."

मी अप्पांपुढे बसलो आणि सगळं सांगितलं. उतार, स्विच, म्हातारीचं बोलणं, काही वगळलं नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"गंगव्वा, बघ गं. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हून हा लोहाऱ्यापसनं पायी आलाय."

"अप्पा, खरं सांगायलोय मी."

"म्या तुला दोनदा इचारलं हुतं. दोनदा न्हाई म्हणालास."

"तवा खोटं बोललो."

"तवा माझ्यासंगं खोटं बोलायचं तुला काय कारण हुतं?" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आज हाय. लई चांगला हाईस, तम्मा."

येडेश्वरीची शपथ घ्यायला मी हात वर केला. त्यांनी तो धरून खाली आणला. "नगं. माझ्यापायी देवीची खोटी शपथ कशाला घेतूस? लागंल तुला."

गंगव्वानं दूध आणून ठेवलं. समोर इंजिन चालत होतं, चुकत होतं. अप्पांचं बोट मांडीवर त्याचा ताल धरत होतं, आणि ठोका गळला की बरोबर त्याच जागी थांबत होतं.

"चुकतंय का रं ते?" त्यांनी विचारलं.

"चुकतंय, अप्पा. चला, दोघं बघू."

"तूच बघून ये. तुझा कान तरणा हाय."

मी गेलो. तेलाच्या नळीचा नट ढिला होता आणि नळीत हवा शिरत होती. आवळायला वेळ लागला नाही. इंजिन एका लयीत चालू लागलं. परत येईपर्यंत अप्पा माझ्याकडेच पाहत होते.

"काय हुतं?"

"तुमीच सांगा, अप्पा."

त्यांचे ओठ हलले. त्यांना माहीत होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. नळीत हवा, एवढे दोन शब्द त्यांच्या जिभेवर आलेले मला दिसत होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि दुधाचा पेला हातात घेतला.

"न्हाई," ते म्हणाले. "तू सांग. तू बघिटलंस."

मी सांगितलं. त्यांनी ते लक्ष देऊन, शिकवणाऱ्यानं ऐकावं तसं नव्हे, शिकणाऱ्यानं ऐकावं तसं ऐकून घेतलं.