डायलची पूजा

माती किती फुगते हे मोजायला लावलेलं यंत्र मी ऐन मोजणीच्या मध्यात उचललं, धुतलं, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि परत जागेवर ठेवून दिलं. वर नमस्कारही केला. बी.एस्सी. फर्स्ट क्लास होते मी. हे मुद्दाम सांगते, कारण तेव्हाही मी ते सगळ्यांना मुद्दाम सांगत असे. एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगितलं असेल.

परवा माझी नात आली होती, ती सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. तिनं मोबाइलवर कॉलेजातलं नवं यंत्र दाखवलं. माती फुगली की आकडा आपोआप कॉम्प्युटरात जातो, कोणी हात लावायचा नाही. "आजी, तुमच्या वेळी?" म्हणाली. मी म्हटलं, "आमच्या वेळी हात लावता येत होता, तिथंच तर घोटाळा झाला." तिला सगळं सांगितलं नाही. इथं सांगते.

बुलडाण्यात रस्त्यांच्या, पुलांच्या कामाची माती तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथं मला तीन महिन्यांसाठी घेतलं होतं. शेवटी साहेबांनी नाव पाठवलं तर कायम, नाहीतर परत डोणगावला. डोणगावात आईनं माझ्यासाठी पिठाच्या गिरणीवाल्याचं स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा चांगला असेलही, पण बोलणी चालू होती तेवढा वेळ त्याच्या भुवयांवर पीठ होतं आणि मला दुसरं काहीच दिसत नव्हतं. त्यामुळे ही नोकरी टिकणं फार गरजेचं होतं.

साहेब पुण्याकडचे, मोजकं बोलणारे. माती कुटायला, भिजवायला चाचा. ते तिथले सगळ्यात जुने. ओली माती चिमटीत धरून ते सांगायचे, ही फुगंल, ही नाही. मला वाटायचं, अंदाजानं बोलतात बिचारे. बी.एस्सी. कुठं झालेत!

सोनाळ्याकडच्या एका पुलाची माती आली होती. पुलाच्या दोन्ही बाजूंना भराव घालायला ती चालेल का, एवढाच प्रश्न. चाचांनी ती लोखंडी साच्यात थर देऊन कुटली. वर भोकांची चकती ठेवली, चकतीवर गोल वजनं. पुढे त्या मातीवर रस्त्याचा जो भार यायचा तो या वजनांनी आधीच द्यायचा. मग साचा पाण्याच्या टाकीत ठेवला आणि साच्याच्या काठावर तीन पायांचा स्टँड, त्यात डायल. माती फुगली की चकती वर उचलली जाते आणि डायलची सुई फिरते. पहिल्या दिवशी सुई शून्यावर ठेवायची आणि चौथ्या दिवशी वाचायची. मधले दिवस नुसती वाट बघायची. ते काम मला कधीच जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा करायचा दिवस. चाचा लग्नाला नांदुऱ्याला गेलेले, साहेब साइटवर. माझ्यातली गृहकृत्यदक्ष कन्या जागी झाली. घण, चाळण्या, तराजू सगळं घासून टेबलावर मांडलं. मग टाकीकडे लक्ष गेलं. तिथली डायल आणि वजनं तशीच राहिली तर बरं दिसेल का? काढली. डायलची सुई एक फेरा मारून पुढे गेलेली होती. मला वाटलं, कोणी तरी वाकडी करून ठेवली. यथासांग पूजा झाल्यावर सगळं परत टाकीत लावलं आणि सुई सरळ करून शून्यावर आणली. जग जागेवर आणल्यासारखं वाटलं.

दसऱ्याला नवी साडी नेसून वाचन घ्यायला गेले. सुई जेमतेम दोन घरं सरकलेली. लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी साचा बाहेर काढला. चकतीला झेंडूची पाकळी चिकटलेली, टाकीचं पाणी लालसर.

"हे वजनं काऊन काढले होते, बेटा?"

"पूजेला."

"डायल बी?"

"हो. सुई वाकडी होती, मी नीट केली."

चाचा खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. ते हसत होते. हसणं संपल्यावर म्हणाले, "ते वाकडी नव्हती व माय. थे माती बोलून राह्यली होती, अन् तू तिचं तोंड दाबलं. सायबाले तू सांगते का मी सांगू?"

तिकडे साहेब रिपोर्ट लिहीत होते, फुगवटा नगण्य. समोर ठेकेदाराचा माणूस चहा पीत बसलेला, खुश. मला गिरणी दिसली. मग आमचं डोणगावचं स्वयंपाकघर दिसलं. काळ्या मातीवरची त्याची फरशी दर पावसाळ्यात टम्म फुगायची आणि दार अर्ध्यात अडायचं. पुलावर दार नसतं, एसटी असते.

"सर, सुई मी फिरवली."

"कधी?"

"पूजा करताना."

"कोणाची पूजा?"

"सुईची, सर."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ठेकेदाराचा माणूस घाईघाईनं म्हणाला, "सायेब, देवाधरमाच्या कामात चूक नसते. राहू द्या ना थो आकडा!"

साहेबांनी रिपोर्ट फाडला आणि मला म्हणाले, "पोत्यात माती उरली आहे. आता तुम्ही कुटा."

एका थराला छप्पन ठोके, असे तीन थर. पहिल्या थरातच माझ्या खांद्यांनी राजीनामा दिला. चाचा स्टुलावर बसून मोजत होते. मी तिसाव्या ठोक्याला चाळीस म्हटलं तर म्हणाले, "पूजेत हात असा ढिला नव्हता पडला. म्हन, एकतीस." फर्स्ट क्लासचा उल्लेख त्या दिवसापासून बंद झाला.

यावेळी चार दिवस मी हात पाठीमागे बांधून टाकीपाशी फिरले. सुईनं एक फेरा घेतला, मग आणखी पाऊण. ती माती नापास झाली आणि ठेकेदाराला लांबून मुरूम आणावा लागला. जाताना त्याच्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गिरणीवाल्याशी मनातल्या मनात संसार मांडला, दळण कोणी घ्यायचं इथपर्यंत.

तीन महिने भरले तेव्हा साहेबांनी आत बोलावलं. मी डोळ्यांतलं पाणी आधीच तयार ठेवलं होतं. त्यांनी कागदावरून नजरही उचलली नाही. म्हणाले,

"बाई, कायम करण्यासाठी तुमचं नाव आज पाठवलंय. फक्त दरवर्षी नवमीला रजा टाकत जा."