खोल नक्षीचे टायर आणि येळामावस

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या मोटारसायकलचा मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता. शेजारी म्हणाले, आगगाडीनं जा. मी ऐकलं नाही. गाडीच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही, हा माझा जुना दुर्गुण. गाडी बारा वर्षांची, डांबरी रस्त्यावरच वाढलेली. पण महिन्यापूर्वीच मी तिचे मडगार्ड काळे कुळकुळीत रंगवून वर सोनेरी रेघ मारून घेतली होती, आणि ती सिद्रामप्पांना दाखवायची होती.

सिद्रामप्पा म्हणजे कचेरीत वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेले गृहस्थ. निवृत्त होऊन सोलापूरला, आपल्या गावाकडे परतले. त्यांची थोरली बहीण अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेजवळ राहायची. नऊ वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं भांडण झालं, ते इतकं की मेहुणे वारले तेव्हा सिद्रामप्पा मातीलाही गेले नाहीत. यंदा बहिणीनं आपणहून निरोप पाठवला होता, येळामावशेला जेवायला ये. येळामावस ही तिकडची मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत (खोपीत) पूजा करतं आणि दुपारी तिथंच पंगत बसते. गावाला एसटी नव्हती. शेवटचे सात मैल गाडीवाट, आणि सिद्रामप्पांचे गुडघे गेलेले. म्हणून मला बोलावणं.

मोहोळच्या अलीकडे टायरनं मान टाकली. पंक्चर काढून, जीव मुठीत धरून संध्याकाळी सोलापुरात शिरलो. सिद्रामप्पांच्या घरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही. जेवताना ते हळूच म्हणाले, "काय बोलायचं ते पाठ केलंय बगा. पंगतीत, सगळ्यांच्या समोर. मातीला आलो न्हाय, चुकलं माझं, असं."

"एकट्या बहिणीला सांगितलं तर नाही चालणार?"

"भांडलो हुतो चार मान्सांत की. मग माफी कोपऱ्यात कशी मागू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच टायरच्या दुकानात गेलो आणि अक्कलकोटच्या पुढे गाडीवाटेनं जायचंय असं सांगितलं. पांढऱ्या दाढीच्या दुकानदार चाचांनी मागच्या चाकासाठी तीन टायर पुढ्यात मांडले. एक उभ्या रेघांचा, निव्वळ डांबराचा. दुसरा मधला, उथळ चौकोनी नक्षीचा, डांबरावर आणि मातीतही चालेल असा. तिसऱ्याची नक्षी बोटाच्या पेराएवढी खोल, रबराचे गट्टू नुसते उठून दिसत होते. जुन्या गाडीला तो चढवला की ती डोंगर चढेल असं वाटलं. मी तिसऱ्यावर हात ठेवला.

"वो नक्को लेओ साब (तो घेऊ नका)," चाचा म्हणाले. "उधर काली मट्टी. सुक्यात बेस, पण ओल लागली की गट्टू माती धरतात. मधला घ्या."

"आता कुठली ओल? पाऊस कधीच संपला."

त्यांनी तो टायर चाकावर धरून दाखवला. मडगार्डच्या खाली त्यांचं बोटही जाईना. "हाच घ्यायचा तर मडगार्ड उतरवून जावा. दोन दिवसांचा तर सवाल."

नवा रंग, सोनेरी रेघ, आणि मडगार्ड उतरवून जायचं? मी हसलो आणि तोच टायर मडगार्डखाली बसवून घेतला.

येळामावशेच्या सकाळी आठला निघालो. सिद्रामप्पा मागे, मांडीवर अक्कासाठी घेतलेलं इरकल लुगडं. अक्कलकोट सोडून गाडीवाटेला लागलो आणि टायरनं खरंच कमाल केली. दगड, चाकोऱ्या, फुफाटा, कशालाच गाडी डगमगली नाही. दोन्ही बाजूंना कमरेइतकी हिरवी ज्वारी, बायांच्या डोक्यांवर दुरड्या. मी मागे वळून म्हणालो, "बघितलंत टायर?" सिद्रामप्पा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. पाठ केलेलं घोकत असावेत.

तीन मैल उरले असतील. कुणीतरी गव्हाला पाणी सोडून सणाला निघून गेलं होतं. पाट फुटला होता आणि वाटेचा फर्लांगभर चिखल झाला होता. वीस पावलांत मागचं चाक गच्च थांबलं. गट्टूंनी उचललेली माती मडगार्डखाली दगडासारखी ठासली होती. मी ती काडीनं उकरली, दहा पावलं ढकललं, पुन्हा तेच. मडगार्डचे नट रंगात बुडालेले, पाना लावला तर हलेनात. हत्यारांच्या पिशवीतल्या लोखंडी सळईनं माती भराभर निघाली असती. पण रंगाला ओरखडे पडतील म्हणून मी काडीनंच उकरत राहिलो. हे लिहिताना आजही लाज वाटते. चिटपाखरू नव्हतं, सगळे आपापल्या शेतात जेवत होते. सिद्रामप्पा बांधावर लुगडं धरून बसले होते. एकदाच त्यांनी विचारलं, "हुईल न्हवं वेळेत?"

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पंगत कधीच उठली होती आणि लोक गावाकडे गेले होते. अक्का एकटीच भांडी गोळा करत होती. पांढरे केस, कपाळाला विभूती.

"आलास व्हय," ती म्हणाली. "तिनापतुर ताट झाकून ठेवलं हुतं. मग मेंढक्याला (मेंढपाळाला) वाढलं. म्हनलं, औंदाबी येत न्हाय ह्यो."

"पाट फुटला हुता, अक्का."

"असंल. बस."

तिनं मडक्याच्या तळाची आंबील आम्हाला वाढली, वर थोडी भज्जी (पालेभाज्या आणि शेंगांचे दाणे घोटून केलेली भाजी). इतकी चवदार भज्जी मी कुठं खाल्ली नाही. सिद्रामप्पांनी ज्वारीची चौकशी केली. अक्कानं उत्तर दिलं. लुगडं तिनं घेतलं, पण घडी उलगडून पाहिली नाही.

परतताना मी विचारलं, "बोललात?"

"कुणासमोर बोलू? पुढच्या येळामावशेला बसतो की पंगतीत."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला आलो आणि पहिल्यांदा मडगार्ड स्वच्छ धुतले. चाचांनी मला काय सांगितलं होतं ते मी सिद्रामप्पांना सांगितलं नाही. पाट फुटला, एवढंच त्यांना ठाऊक.

श्रावणात त्यांचं कार्ड आलं. अक्का गेली. मातीला ते वेळेवर पोचले, बैलगाडीनं. खाली लिहिलं होतं, "तुम्ही त्या दिवशी एवढा त्रास काढून नेलंत, म्हणून तिच्या हातचं दोन घास तरी मिळालं. तुमचे उपकार विसरणार नाही."

त्या कार्डाला मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.