मशिनवरचा गडी

यंत्रातून नुकत्याच उतरलेल्या करडईच्या तेलाला एक कोमट, किंचित करपट गंध असतो. फाल्गुनातल्या कोरड्या वाऱ्यावर तो आष्टीच्या बाजारापर्यंत पसरे आणि पत्र्याच्या शेडमध्ये घामाने निथळत उभा असलेला मी मनातल्या मनात म्हणे, हा आपला गंध आहे. वसंताचा आणि माझा. दुष्काळाची वर्षं सरून शिवारं पुन्हा केशरी फुलांनी पेटू लागली होती, आणि माणसांवर विश्वास ठेवणं त्या दिवसांत फार सोपं झालं होतं.

वसंता माझा शाळेपासूनचा सोबती. त्याच्या घरची बाजारपेठेत जागा होती; माझ्यापाशी जालन्याच्या तेलगिरणीत कमावलेली विद्या. तिथली कायमची नोकरी सोडून, वसंताबरोबर निम्म्या भागीत तेलाचं यंत्र टाकायला मी गावी आलो, तेव्हा सुमनने, माझ्या पत्नीने, एवढंच विचारलं, "भावजींवर बराबर भरवसा हाये ना?" आम्ही बौद्ध, तिच्या प्रश्नात काय दडलं आहे ते मला कळत होतं. पण जो माणूस आमच्या चुलीपाशी बसून तिच्या हातची भाकरी मागून खातो, त्याच्याविषयी असा प्रश्न मला क्षुद्र वाटला.

मागे यंत्र, पुढे दुकान, मधोमध गोणपाटाचा पडदा. तो पडदा पेंडीच्या धुळीसाठी आहे, अशी माझी समजूत होती.

एका बाजारच्या दिवशी गर्दी आवरेना म्हणून मी पुढे आलो आणि एका म्हातारीच्या बरणीत तेल ओतण्यासाठी माप उचललं. तिने सहज विचारलं, "ह्यो कोण रं, बाबा?" वसंता अडखळलासुद्धा नाही. "मशिनवरचा गडी हाये, मावशी. तेलाला त्याचा हात लागत न्हाई, मी सोता काढतो," म्हणत त्याने माझ्या हातातलं माप काढून घेतलं. म्हातारीने जात विचारलीच नव्हती. त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, आणि ते त्याच्या ओठांवर किती दिवसांपासून तयार होतं कोण जाणे.

सांजवेळी दुकान मिटल्यावर मी म्हणालो, "वसंता, मी गडी हाये का?"

"अरे, धंद्यासाठी बोललो. गिऱ्हाईक तुटलं तर दोघंबी बुडू. मनाला कशाला लावून घेऊन राह्यला?"

"मंग माझ्या घरी जेवतो, ते कशासाठी?"

तो दुखावल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. ते दुखावणं खरं होतं, आणि मला सर्वांत कडू तेच लागलं. त्याची मैत्री खोटी असती तर तिला शिवी देऊन मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. नव्या माणसाच्या हाताखाली तेल जळकं उतरू लागलं, गिऱ्हाईक आपसूक पांगलं, पावसाळ्याआधी शेडला कुलूप लागलं. मी जालन्याला दुसऱ्या गिरणीत रोजंदारीवर लागलो. सुमनने मला एका शब्दानेही टोचलं नाही. ती टोचती तर बरं झालं असतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी वसंता परतूरच्या बसस्थानकावर भेटला. केस विरळ झालेले, सदरा मळका. हट्टाने मला चहाच्या टपरीवर नेलं आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात टपरीवाल्याला म्हणाला, "दोन पेशल दे, जल्दी. ह्यो माझा पार्टनर!" बाकावरचे दोघे सरकले, आम्हाला जागा झाली. मी चहाचा पेला हातात धरून उभाच राहिलो. जो शब्द ऐकण्यासाठी मी नोकरी सोडली होती, तो उन्हात असा लख्ख उच्चारला गेला होता. पण आता तो बोलायला त्याचं काहीच जात नव्हतं.